पद्मिणीची म्होरकी

शेवंतीच्या अंगावर तेवीस गाठी होत्या. डाव्या गालावर चार, डाव्या कानामागे दोन, जबड्याखाली एक मोठी, लिंबाएवढी. मानेवर आठ, एकाखाली एक, छातीकडे उतरत गेलेल्या. मागच्या डाव्या पायाच्या आतल्या अंगाला आठ. उजव्या बाजूला एकही नव्हती. तेवीसपैकी तीन फुटल्या होत्या आणि त्यांतून मधासारखं चिकट, पिवळं पाणी ओघळून पांढऱ्या केसांवर वाळलं होतं.

मी दोनदा मोजल्या. दुसऱ्यांदा शेपटीकडून डोक्याकडे आले.

"बाई, मोजून कमी व्हनार हैत का?" हणमंत गिरी म्हणाले. ते घोडीच्या डोक्याशी उभे होते आणि तिच्या कपाळावरचे केस बोटांनी विंचरत होते. पन्नाशी ओलांडलेला, काटकुळा माणूस. डोक्याला भगवा पटका, कानात भिकबाळी. नांदेड जिल्ह्याच्या त्या टापूत लग्नाच्या वरातीत नाचणारी घोडी म्हटली की गिरीमामांचंच नाव निघायचं.

"हात लावू नका तिला. हे घाला आधी," मी म्हणाले आणि रबरी हातमोजे पुढे केले.

"घरच्या लेकराला मोजे घालून हात लावायचा?"

"घाला हो मामा."

त्यांनी हातमोजे घातले, पाची बोटं फुलवून पाहिली आणि ओट्यावर बसलेल्या बायकोला दाखवली. "कौसे, बघ. डाक्टर झालो."

कौसामामी घोडीची झूल धूत होत्या. त्यांनी वर पाहिलं, पण हसल्या नाहीत.

त्या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मी सव्वीस वर्षांची होते. पशुवैद्यकाची पदवी घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात रुजू झाले होते, आणि तोवर तपासलेली जनावरं म्हणजे गायी, म्हशी, शेळ्या. घोडा मी शिकताना पाहिला होता, पण नोकरीत हाच पहिला. गावातल्या एका खाजगी माणसाने आधी अंगावर पित्त उठलंय म्हणून दोन इंजेक्शनं दिली होती. पित्ताच्या गांधी सगळ्या अंगावर उठतात आणि दिवसाभरात बसतात. या गाठी एका ओळीत होत्या. कातडीखालून जाणारी एखादी नळी जागोजाग गाठ मारल्यासारखी सुजत गेली होती. पुस्तकात असं एक चित्र होतं. त्याखालचं नाव मला आठवत होतं, ते मी त्या अंगणात उच्चारलं नाही.

"परवा लोह्याला वरात हाय," गिरीमामा म्हणाले. "काई मलम द्या. वर झूल टाकली की दिसत न्हाई."

"घोडी अंगणाबाहेर काढायची नाही."

"आवं, नवरदेव काय म्हशीवर बसंल?"

"बसू दे. हिच्या रक्ताचा निकाल येईपर्यंत ही इथंच राहील. हिचं पाणी वेगळं, दाण्याचा तोबरा वेगळा. दुसरं जनावर जवळ येऊ द्यायचं नाही."

ते हळूच म्हणाले, "वाचंल ना?"

"निकाल आल्यावर सांगते."

मी मानेतून रक्त घेतलं. फुटलेल्या गाठीतलं पाणी काडीवरच्या कापसावर घेतलं. घोडी शहाणी होती. सुई टोचली तेव्हा तिने फक्त मान हलवली आणि तिच्या डोक्यावरच्या कवड्या वाजल्या. तेव्हा मी तिच्या तोंडावर बांधलेल्या म्होरकीकडे नीट पाहिलं. सुती, हाताने विणलेली, लाल लोकरीचे गोंडे आणि कवड्यांची दुहेरी रांग लावलेली. तेल आणि घाम मुरून ती काळपट, मऊ झाली होती. तिची गाठ डाव्या गालावर होती, आणि गालावरच्या चारही गाठी त्या गाठीच्या भोवती होत्या.

"घोडी कधी घेतली?"

"माळेगावच्या जत्रंत. मुखेडकडच्या एका पाटलांची. साडेतीन वर्साची हाय. आता कुठं दोन पायावर उभारायला लागलीय."

"ही म्होरकी त्यांनीच दिली?"

ओट्यावरून कौसामामी बोलल्या. "म्होरकी कोन देतंय, बाई? जनावर इकावं, म्होरकी इकू न्हाई. घरची लक्षुमी जाती तिच्यासंगं. त्यांनी मोकळं जनावर दिलं. ह्यांनी सुंभाच्या दोरीनं आनलं."

"मग ही कुणाची?"

मामींनी झूल पाण्यात बुडवली. उत्तर गिरीमामांनी दिलं.

"आमच्या पद्मिणीची. आधीची घोडी. चौदा वर्सं नाचली."

"तिला काय झालं?"

"म्हातारी झालती. दिवाळीच्या मागं वरातीहून येताना रस्त्यात बसली, ती उठलीच न्हाई. तिथंच पुरली."

"अंगावर अशा गाठी होत्या का? खोकला? नाकातून पाणी?"

"काई न्हाई. शेवटपतोर नाचत व्हती."

कौसामामींनी झूल पिळली, खांद्यावर टाकली आणि त्या घरात गेल्या.

*

निकाल हरियाणातल्या प्रयोगशाळेतून आला. ग्लँडर्स.

हा घोड्यांचा, खेचरांचा, गाढवांचा रोग. कातडीखाली गाठी येतात, फुटतात, भरतात, पुन्हा येतात. नाकात, फुप्फुसात जखमा होतात. जनावर बरं झाल्यासारखं दिसतं तरी जंतू आत राहतो. माणसालाही होतो, आणि झाला तर बहुधा माणूस वाचत नाही. म्हणून त्यावर औषध द्यायचं नाही असा नियम आहे. जनावर मारायचं, खोल पुरायचं, वर चुना टाकायचा.

जिल्ह्याचे डॉ. हाळे फोनवर म्हणाले, "पहिलीच केस ना तुझी? वाईट पहिली आली. उगम शोध आता. तो हवेतून पडलेला नाही."

मी शोधू लागले. मुखेडच्या पाटलांच्या पागेतले सगळे घोडे तपासले. सगळे स्वच्छ. जत्रेतून परतताना गिरीमामा कुठे थांबले, घोडीला कुठल्या हौदावर पाणी पाजलं, कुठल्या वरातींत दुसरे घोडे होते, हे सगळं विचारलं. ते प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत. पाणी त्यांनी घरच्या बादलीतूनच पाजलं होतं. दुसऱ्या घोड्याशेजारी घोडी कधी बांधली नव्हती, कारण ती बुजायची. जंतू एका जनावरातून दुसऱ्यात जातो, आणि इथे दुसरं जनावरच नव्हतं. मला रात्री झोप लागत नसे असं म्हणणार नाही, पण जेवताना हातात घास घेऊन मी थांबत असे.

निकाल सांगायला गेले तेव्हा गिरीमामा घोडीला भिजवलेली हरभरा डाळ चारत होते. मी सगळं सांगितलं.

"औषध न्हाई म्हंता, का द्यायचं न्हाई म्हंता?"

"द्यायचं नाही. माणसाला होतो मामा. तुम्हाला, मामींना, वरातीत हिला हात लावणाऱ्या पोरांना."

"मला होऊ द्या की मग. म्या हाय ना. मी अन् ही दोघं तिकडं रानात राहताव. कोनी येनार न्हाई."

"गप बसा," कौसामामी म्हणाल्या.

"तू गप बस. तुला काय, तू तिच्या पाठीवर कधी हात ठिवलास का?"

"न्हाई ठिवला," मामी म्हणाल्या. "पद्मिणीच्या ठिवला व्हता. तेवढा बास झाला."

गिरीमामांनी घोडीसमोरची परात उचलली. तळाशी थोडी डाळ उरली होती, ती त्यांनी बोटाने निपटून तिच्या ओठांना लावली.

आरोग्य खात्याने दोघांचं रक्त नेलं. दोघांनाही काही नव्हतं.

*

गावाबाहेर मुरमाची जुनी खाण होती. तिथे जेसीबीने खड्डा खणून ठेवला होता. पंच म्हणून ग्रामसेवक आणि तलाठी आले होते. दोघेही लांब, लिंबाखाली उभे राहिले. मी सांगितलं होतं की आदल्या दिवसापासून घोडीला कुणी हात लावायचा नाही. तरी ती आली तेव्हा तिच्या पाठीवर खराऱ्याचे ताजे पट्टे होते आणि आयाळीला तेल लावलेलं होतं. गिरीमामांच्या हातात हातमोजे होते, फाटलेले, दोऱ्याने शिवलेले.

कौसामामीही आल्या होत्या. त्या खड्ड्यापासून दूर मुरमाच्या ढिगावर बसल्या.

"बसवू का उभी असू देऊ?" गिरीमामांनी विचारलं.

"उभीच असू द्या. औषध गेलं की आपोआप बसेल."

"दुखंल?"

"नाही. झोप लागेल आधी."

त्यांनी तिच्या कानात काहीतरी सांगितलं. मी सुई घातली. शेवंतीचे पुढचे गुडघे वाकले, मग मागचे, आणि ती डाव्या कुशीवर पडली, गाठींच्या बाजूवर. मी छातीला नळी लावली. ठोके थांबेपर्यंत ऐकलं आणि मान हलवली.

गिरीमामांनी वाकून म्होरकीची गाठ सोडली. कवड्या वाजल्या. म्होरकी हातात घेऊन ते खड्ड्याकडे चालू लागले.

"मामा, थांबा. ती मला द्या." मी प्लॅस्टिकची पिशवी उघडली. "तपासायला पाठवायची आहे."

"हिच्यासंगं जाऊ द्या, बाई. मेल्या जनावराची म्होरकी घरात ठिवत नसतेत."

"घरात नाही, प्रयोगशाळेत..." मी बोलता बोलता थांबले. पिशवी माझ्या हातात उघडीच राहिली.

"मामा," मी म्हणाले, "मग पद्मिणीची कशी ठेवलीत?"

जेसीबीचं इंजिन धडधडत होतं. गिरीमामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते म्होरकीचे गोंडे एकेक करून सरळ करत होते.

"पद्मिणीची कशी ठेवलीत? ती रस्त्यात मेली म्हणालात ना?"

"तसंच. ध्यान न्हाई राहिलं."

"ध्यानात व्हतं," कौसामामी मुरमावरून उठून आल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "त्या दिशी ह्यांनी सांगितलं, पद्मिणी गेली. म्या रडले. सांजच्याला देवाजवळ दिवा लावाया गेले तर खुंटीवर म्होरकी. तवाच कळलं मला. इकलीय."

"कौसे."

"कोनाला इकली ते म्या इचारलं न्हाई. ह्यांनी सांगितलं न्हाई. तीन महिने झाले, बाई, आमच्या घरात ती म्होरकी बोलती, आमी दोघं बोलत न्हाई."

गिरीमामा खाली बसले. खड्ड्याच्या कडेची मुरमाड माती त्यांच्या पायांखालून घरंगळली. मी त्यांच्या हातातून म्होरकी घेतली, पिशवीत घातली, पिशवीचं तोंड बांधलं.

"जिवंत आहे?"

"असंल."

"कुठे?"

ते कौसामामींकडे न पाहता म्हणाले, "भट्टीवर. गोदावरीच्या काठाला. विटा वाहायला."

मामींनी तोंडावर पदर घेतला. नंतर मी जेसीबीवाल्याला खूण केली. शेवंती खड्ड्यात गेली. चुन्याच्या गोण्या मी स्वतः मोजून टाकायला लावल्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरीमामांना सरकारी जीपमधून घेऊन गेले. रस्त्यात त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं.

"खोकायला लागलती. नाचंना. एक फेरी केली की धाप लागायची. दोन वरातींत लोकं हसली. परतूर, गंगाखेड, कुठं कुठं फिरलो, कोनी घेईना. भट्टीवाला म्हनला, आन. दारात मरताना बघवंना मला, म्हनून दिली. असं म्हंलो तर खरं वाटंल तुमाला?"

"पायाला जखमा होत्या का तिच्या?"

"पुढच्या पायाला. डाव्या. घुंगरांचे चाळ घासून झालत्या. हळद आन् तेल लावलं, बऱ्या झाल्या."

"चाळ घासून झाल्या हे तुम्हाला कसं कळलं?"

"चाळाखालीच व्हत्या, बाई."

जीप वळणावर आली. नदी दिसली आणि काठाने भट्ट्यांच्या लाल भिंती.

"आन् ती म्होरकी शेवंतीला घातली," मी म्हणाले.

"घातली." त्यांनी खिडकीची काच खाली केली, परत वर केली. "आमच्यात म्हंतेत, नाचत्या जनावराची म्होरकी नव्याला घातली की पहिलीचं नाचनं दुसरीत उतरतं. माज्या बापानं तसंच केलं. पद्मिणीला जुन्या घोडीची घातलती त्यानं. तशीच ती नाचली, चौदा वर्सं."

भट्टीवर मुकादम होता. त्याला आमच्या येण्याचं कारण कळल्यावर त्याने आधी मालकाला फोन लावला, मग चहा मागवला. मी चहा नको म्हणाले. जनावरं किती विचारलं.

"आता आठ गाढवं, तीन तट्टं, एक घोडी. गाढवं धा व्हती. दोन मेली थंडीनं."

"थंडीनं?"

"नाकातून पाणी गळायचं. थंडीच की मग."

पद्मिणी भट्टीच्या मागे होती. पाठीवर दोन्ही बाजूंना विटांची जाळी टांगलेली, तोंडाला निळी नायलॉनची दोरी. पांढरी घोडी विटांच्या धुळीने तांबूस झाली होती. बरगड्या मोजता येत होत्या. डाव्या नाकपुडीतून घट्ट शेंबूड वाहत होता आणि त्यात रक्ताची रेघ होती. डाव्या पुढच्या पायावर, खुराच्या वर, पाच वण होते, चांदणीच्या आकाराचे, केस न उगवलेले.

"ही व्हय?" मुकादम हसला. "ही राजाच्या घरची हाय वाटतं. सडकेवरून बँड गेला की पाय उचलती अन् सगळ्या विटा पाडती. तीनदा फोडल्या. आता वरात दिसली की आमी तिला भट्टीच्या माघारी बांधताव."

गिरीमामा लांबच उभे राहिले. त्यांनी तिला हाक मारली नाही. फक्त घसा खाकरला.

पद्मिणीचे कान वळले. तिने डोकं फिरवलं नाही. उजवा पुढचा पाय गुडघ्यात दुमडून वर उचलला आणि तसाच धरून ठेवला. मुजरा. नवरदेव पाठीवर बसायच्या आधी करायचा असतो तो. पाठीवरच्या विटा सरकल्या, दोन खाली पडल्या.

"बघा," मुकादम म्हणाला.

"खाली," गिरीमामा म्हणाले. "खाली ठिव बाई. झालं. खाली ठिव."

तिने पाय खाली ठेवला.

मी बाराही जनावरांचं रक्त घेतलं. मुकादमाला सगळे नियम समजावले आणि लिहून सही घेतली. गिरीमामा जाळीतल्या विटा एकेक करून उतरवत होते. हातमोजे घाला म्हणून मी ओरडले तेव्हा त्यांनी ते खिशातून काढून घातले.

*

परतीच्या वाटेवर त्यांनी विचारलं.

"शेवंतीला माज्यामुळं झालं का, बाई?"

"माहीत नाही."

"म्होरकीतून?"

"असू शकतं."

"तसं न्हवं." ते माझ्याकडे वळून बसले. "पद्मिणीला भट्टीवर लागलं असंल. गाढवांकडून. दोन गाढवं मेली म्हनला न्हवं तो? इथून गेली तवा ती चांगली व्हती. खोकायची फकस्त. म्हातारपनानं जनावर खोकत न्हाई का?"

"खोकतं."

"आन् पायाला चाळ घासून झालतं."

"तेही होऊ शकतं."

"मग शेवंतीला दुसरीकडून लागलं असंल. तुमाला सापडलं न्हाई एवढंच."

मी विचार केला. हे चुकीचं नव्हतं. पद्मिणीला रोग भट्टीवर जाण्याआधी होता की गेल्यानंतर झाला, हे तिच्या आजच्या रक्तावरून कळणार नव्हतं. म्होरकीवरूनही कळणार नव्हतं. ती दोन महिने शेवंतीच्या गाठींवर घासत होती. तिच्यावर जंतू सापडणारच. ते पद्मिणीचे की शेवंतीचे, कोण सांगणार?

"मामा, पद्मिणीचं दुसरं काही घरात आहे का? तिने घातलेलं, पण शेवंतीला कधीच न लावलेलं?"

"चाळ," ते म्हणाले. "घुंगरं. शेवंतीचे पाय जाड, तिला होईनात. तिला नवे केले."

"एकदाही बांधून पाहिले नाहीत?"

"मापाच्या दोरीनं मोजले. चाळ कौसीच्या पेटीत हैत. पद्मिणी गेली त्या दिशी तिनं कुलूप लावलं. किल्ली तिच्याकडं."

घरी गेल्यावर मामींनी पत्र्याची पेटी उघडली. साड्यांच्या तळाशी, जुन्या धोतरात गुंडाळलेले दोन चाळ होते. तेल प्यायलेल्या चामड्याच्या रुंद पट्ट्या आणि त्यांवर पितळी घुंगरांच्या तीन ओळी. मामींनीही हातमोजे घातले होते. डाव्या पायाच्या पट्टीला आतून एक पिवळट, कडक डाग होता. त्या तो डाग बघत राहिल्या.

"हळद असंल," गिरीमामा म्हणाले. "हळद लावायचो म्या."

"असेल," मी म्हणाले. आणि डावा चाळ पिशवीत घातला. उजवा तिथेच राहू दिला.

"ह्याच्यावरनं कळंल?"

"हो. चाळ भट्टीवर गेलेच नव्हते. यंत्रात घालतात. जंतूचा अंश असला तर यंत्र त्याची दुप्पट करतं, पुन्हा दुप्पट, पुन्हा दुप्पट. जंतू भरपूर असले तर थोड्या फेऱ्यांत दिसतात. कमी असले तर जास्त फेऱ्या लागतात. चाळीस फेऱ्या करतात. पस्तिसाच्या आत दिसला, तर तो तिथे होता. पस्तिसापुढे दिसला किंवा दिसलाच नाही, तर धरायचं नाही."

"म्हंजी आकडा जितका लहान तितकं वाईट."

"हो."

"आन् जुना असला जंतू, मेलेला असला तर?"

"तरी दिसेल. जिवंत होता की मेलेला ते यंत्र सांगणार नाही. होता की नाही एवढंच सांगेल."

गिरीमामांनी मान हलवली. दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले.

"बाई, एक करा. जे निघंल ते सांगा. मला बरं वाटावं म्हनून आकडा फिरवू नका."

"नाही फिरवणार."

"देवाची आन?"

"मामा, मी आकडे फिरवत नाही."

"मोजतानाच दिसलं ते," कौसामामी म्हणाल्या.

*

पद्मिणीच्या रक्ताचा निकाल आधी आला. तिला रोग होता, आणि आठांपैकी पाच गाढवांनाही. तट्टं वाचली. खड्डा भट्टीच्याच जागेत नदीपासून लांब खणला. त्या दिवशी दोघंही आले. पद्मिणीच्या तोंडाला निळी दोरीच होती. गिरीमामांनी ती सोडून टाकली आणि तिला मोकळंच उभं केलं. ती कुठे गेली नाही.

औषध दिल्यावर मी छातीला नळी लावली. मान हलवली. कौसामामी पुढे झाल्या आणि पदराआडून उजव्या पायाचा चाळ काढला. घुंगरं वाजू नयेत म्हणून त्यांनी ती मुठीत घट्ट धरली होती. खड्ड्यात टाकताना मात्र ती वाजली.

"म्होरकी असती तर..." गिरीमामा म्हणाले.

त्यांनी पुन्हा घोडी घेतली नाही. मी दवाखान्यात असले की कधी कधी ते दारात येऊन उभे राहत. आत येत नसत. "आलं का?" एवढंच विचारत. नाही म्हटलं की जात. एकदा मी त्यांना बसा म्हटलं, तर म्हणाले, "बसायला न्हाई आलो, बाई."

ज्या दिवशी पाकीट आलं त्या दिवशी ते दारातच होते. पोस्टमनने त्यांच्या समोरच ते माझ्या टेबलावर ठेवलं. कौसामामीही बरोबर होत्या. त्या पायरीवर बसल्या होत्या, पाठ आमच्याकडे करून.

मी पाकीट फोडलं. वाचलं.

"मोठ्यानं वाचा," गिरीमामा म्हणाले. "मराठीत."

मी वाचलं.

"नमुना पहिला. तुलनेसाठी पाठवलेली कोरी चामडी पट्टी. चाळीस फेऱ्यांत दिसला नाही. नमुना दुसरा. सुती म्होरकी, डाव्या गालाची गाठ. एकोणीस. नमुना तिसरा. घुंगरांची पट्टी, डावा पाय, आतली बाजू. सव्वीस."